जुन्या पुलावरून हायवा न्यायच्या? आधी डांबर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यात गावालगतच्या ओढ्यावर बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधलेला तीन गाळ्यांचा आरसीसी स्लॅबचा पूल आहे. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, ८ मीटरचा, कठड्यांच्या आतली रुंदी साडेपाच मीटर. पूर्वी त्यावरून बैलगाड्या आणि एसटी जायची. आता हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या आणि वर्षभर खडी-मुरमाच्या हायवा (मोठे टिपर ट्रक) जातात. एक ठेकेदार खालून कार्बन फायबर चिकटवून पूल दुप्पट ताकदीचा करून देतो म्हणतोय, तर गावातली काही मंडळी पाडून नवा बांधा म्हणतायत. यातलं काय करायचं?

आत्ता दोन्ही नको. पुलावर गेल्या पन्नास वर्षांत डांबराचे किती थर चढलेत, ते आधी मोजून घ्या.

गंमत म्हणून सांगत नाही. रस्त्याचं नूतनीकरण निघालं की जुन्या थरावर नवा थर पडतो आणि पूल त्याच रस्त्यात असल्यामुळे त्याच्यावरही पडतो. रस्त्याखाली जमीन असते, तिला फरक पडत नाही. पुलाच्या स्लॅबला मात्र तो थर चोवीस तास उचलून धरावा लागतो. तुमच्या पुलाच्या कडेच्या कर्बकडे, म्हणजे उंच काठाकडे, बघा. मूळचा कर्ब डांबरापासून साधारण २२ सेंटीमीटर वर असायला हवा. तो आता आठ-दहा सेंटीमीटरच दिसत असेल आणि पाणी जाण्याची नळकांडी डांबराखाली गाडली गेली असतील, तर उत्तर निम्मं तिथेच मिळालं. खात्रीसाठी कर्बजवळ आणि मध्यभागी दोन-तीन ठिकाणी छोटा कोअर (यंत्राने कापून काढलेला गोल नमुना) काढून जाडी मोजायला सांगा.

आता हिशेब. जादा डांबर १० सेंटीमीटर धरू. एका गाळ्यावर ८ गुणिले साडेपाच मीटर क्षेत्र, म्हणजे ४.४ घनमीटर डांबर, घनमीटरला २.३ टन धरले तर दहा टन. रिकाम्या पुलावर प्रत्येक गाळ्यात दहा टनांची एक गाडी कायमची उभी आहे, असं समजा. पूल वाकवणारं जे बल आम्ही मोमेंट म्हणून मोजतो, ते या दहा टनांमुळे गाळ्याच्या मध्यभागी १० टन-मीटर येतं. हे सगळ्या रुंदीवर पसरलेलं आहे. गाडीचा भार स्लॅबच्या तीन-चार मीटरच्या पट्ट्यात येतो, म्हणून त्या पट्ट्यापुरता डांबराचा वाटा ६ ते ७ टन-मीटर धरा.

त्याच्याशेजारी गाडीचा आकडा ठेवू. केंद्र सरकारने २०१८ साली मालवाहू गाड्यांच्या ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरचा एकेरी ॲक्सल १०.२ टनांवरून ११.५ टनांवर आणि मागचा जोड ॲक्सल, ज्याला टँडेम म्हणतात, तो १९ वरून २१ टनांवर गेला. ट्रेलरसकट एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. ८ मीटरच्या गाळ्यात टँडेमच निर्णायक ठरतो, कारण गाडीचे पुढचे ॲक्सल तोवर बहुतेक गाळ्याबाहेर गेलेले असतात. दोन ॲक्सलमधलं अंतर १.४ मीटर धरलं तर १९ टनांचं मोमेंट सुमारे ३२ टन-मीटर आणि २१ टनांचं ३५ येतं. फरक साडेतीनच्या आत. धक्क्याचा भार म्हणून या गाळ्याला ३२ टक्के वाढवायचे, कारण इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रात ४.५ भागिले (६ अधिक गाळ्याची मीटरमधली लांबी) असा हिशेब आहे. तरीही वाढ साडेचारच्या आसपासच. म्हणजे कायद्याने गाड्यांचं जेवढं वजन वाढवलं, त्याहून जास्त बोजा आपणच डांबर ओतून पुलावर टाकून ठेवलाय.

म्हणून पहिला खर्च डांबर काढण्याचा. मिलिंग मशीन लावा, पण शेवटचा थर हाताने किंवा हलक्या ब्रेकरने काढायला लावा. मशीनची पाती स्लॅबच्या काँक्रीटमध्ये घुसली की वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जातं आणि आपणच नवं दुखणं तयार करतो.

यानंतरचा प्रश्न पूल मुळात कशासाठी बांधला होता, हा. पुलांसाठी ठरावीक गाड्यांचे नमुने असतात आणि त्यावरच हिशेब होतो. क्लास ए म्हणजे ५५.४ टनांची गाड्यांची माळ, तिच्यातले सगळ्यात जड दोन ॲक्सल ११.४ टनांचे, एकमेकांपासून १.२ मीटरवर. तुमच्या गाळ्यात तिचं मोमेंट ३९-४० टन-मीटर भरतं. क्लास बी हा तात्पुरत्या आणि लाकडी पुलांसाठीचा हलका नमुना, त्याचे जड ॲक्सल ६.८ टनांचे आणि मोमेंट २३ च्या आसपास. मोठ्या रस्त्यांवर त्याच्या वर ७० आर हा १०० टनांच्या चाकगाडीचा नमुना लागतो. तुमचा पूल क्लास एसाठी बांधला असेल आणि त्याची तब्येत ठीक असेल, तर नियमात बसणारी २१ टनी टँडेमची गाडी त्याला झेपायला हवी: ३५ विरुद्ध ३९. पण हायवा नियमात चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आरटीओलाही. फाळके उंचावून ओला मुरूम भरला की टँडेमवर ३० टन सहज येतात. मग मोमेंट ५० वर जातं. अशा गाडीसाठी हा पूल कधीच नव्हता आणि तुम्ही कितीही फायबर लावलंत तरी तिच्यासाठी तो बांधून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उसाच्या ट्रॉल्यांना मात्र गाव उगाच शिव्या घालतं. ट्रॅक्टरमागच्या दोन चारचाकी ट्रॉल्यांत वीस-पंचवीस टन ऊस असला, तरी तो चार ॲक्सलवर वाटला जातो आणि ॲक्सल एकमेकांपासून लांब असतात. ॲक्सलला सहा-साडेसहा टन धरले तरी तुमच्या गाळ्यात मोमेंट २० टन-मीटरच्या आसपास राहतं. ट्रॉलीचं दुखणं वेगळं. ती डुलते, कर्बला घासते, कठडा पाडते. कारखान्याची एक गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची आहे, ती म्हणजे त्यांचा वजनकाटा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे, प्रत्येक गाडी भरलेली आणि रिकामी काट्यावर चढते आणि नोंद होते. पुलाच्या अभ्यासासाठी इतका चांगला आकडा दुसरीकडे विकत मिळत नाही. खडी क्रशरच्या काट्याच्या पावत्या मिळाल्या तर त्याही मागा. ॲक्सलमधलं अंतर टेपने उभ्या गाडीवर मोजता येतं.

जुनी नकाशे-कागदपत्रं बहुधा मिळणार नाहीत. तरी जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात पुलांची नोंदवही असते, त्यात बांधकामाचं वर्ष आणि गाळे तरी मिळतात. सळई किती आणि कुठली हे मात्र पुलालाच विचारावं लागतं. कव्हर मीटरने खालून सळयांची जागा आणि अंतर शोधायचं आणि एक-दोन ठिकाणी कव्हर फोडून डोळ्यांनी बघायचं. साधी गुळगुळीत गोल सळई आहे की पीळ दिलेली टोर, हे बघितल्याशिवाय कोणताही हिशेब मांडू देऊ नका. साध्या सळईची ताकद प्रति चौरस मिलिमीटर २५० न्यूटन आणि टोरची ४१५, म्हणजे अंदाज चुकला तर उत्तर दीडपटीहून जास्त चुकतं. सत्तरच्या दशकातल्या पुलांत दोन्ही सापडतात, कधी एकाच पुलात.

तपासणीचं म्हणाल तर आपल्याकडे ती वर्षातून दोनदा व्हावी आणि दोन्ही वेळची नजर वेगळी असावी. एप्रिल-मेमध्ये ओढा कोरडा ठणठणीत असतो, तेव्हा पायाकडे बघा. पावसाळा संपून कारखाने सुरू व्हायच्या आधी पाणी कुठून झिरपतंय ते बघा, कारण तेव्हा ओल ताजी असते. सोलापूरची हवा कोरडी, समुद्राचं मीठ नाही. त्यामुळे इथल्या जुन्या काँक्रीटमध्ये कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा सळईला गंजापासून जपणारा अल्कलीपणा जाणं) खोलवर गेलेलं सापडतं, फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की गुलाबी रंग उमटतच नाही, तरीही आतली सळई कोरडी आणि धडधाकट असते. अशा अहवालाने घाबरून जाऊ नका. घाबरायचं ते जिथे कार्बोनेशन आणि पाणी दोन्ही एकत्र येतात तिथे: गाळ्यांमधल्या जॉइंटखाली, तुंबलेल्या नळकांड्यांभोवती, स्लॅबच्या दोन्ही कडांना. तुमच्या पुलाचे पोपडे बघा, नव्वद टक्के तिथेच असतील.

तपासणी म्हणजे नुसती पुलावरून गाडी हाकून फोटो काढणं नव्हे. खाली उतरायचं, हातोडीने ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं भद्द वाजतं. भद्द वाजेल तिथे खडूने वर्तुळ, त्यावर तारीख. गाळ्याच्या मध्यभागी खालच्या बाजूला केसासारख्या आडव्या भेगा असतील तर त्या आरसीसीच्या स्वभावातल्या आहेत, ०.३ मिलिमीटरच्या आत असल्या तर नुसती नोंद ठेवा. सळईच्या रेषेत, रस्त्याच्या दिशेने धावणारी भेग आणि तिच्या कडेने तांबूस डाग म्हणजे सळई गंजून फुगतेय. टेकूजवळ तिरपी भेग दिसली, तर त्याच दिवशी जड वाहनं थांबवा आणि मग फोन करत बसा. वाकताना पूल आधी इशारा देतो, कातरबलात, म्हणजे टेकूजवळ कापला जाताना, तो देईलच असं नाही.

रिबाउंड हॅमरबद्दल (काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा मोजणारं हत्यार) सावध करतो, कारण ठेकेदार तोच आधी काढतात. कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमरचा आकडा फुगून येतो आणि पन्नास वर्षांचा १:२:४ मिश्रणाचा पूल कागदावर एम-३५, म्हणजे त्याहून खूप भक्कम काँक्रीटचा, निघतो. अल्ट्रासॉनिक चाचणीतला वेग आणि दोन-चार कोअर यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. गंजासाठी हाफ-सेल चाचणी होते. तांबे-सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता दाट धरतात. पण काँक्रीट ओलं न करता घेतलेलं वाचन आपल्या उन्हाळ्यात काहीही दाखवतं.

पायाची बाब थोडी वेगळी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण लागतो आणि त्यावरचा पाया हलत नाही. पण ओढ्यावरचे किती तरी पूल कठीण मुरमावरच थांबलेत. सीना आणि भीमेच्या पट्ट्यात वाळू उपशाने पात्रच खाली गेलंय. जो पाया पूर्वी गाडलेला होता, त्याची कड आता उघडी दिसते. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला, विजयपूर रस्त्याचीही तीच गत झाली. अशा पुरानंतर पुलावरून वाहतूक सुरू करायची ती पायाकडे बघूनच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला तोही पुरातच. कमानीचा दगडी पूल वरच्या वजनाला सहजी दबत नाही, पण पाया सरकलेला त्याला सोसत नाही.

हे दगडी पूल आपल्या भागातही आहेत, म्हणून दोन वाक्यं. त्यातला पिंपळ-उंबर वरवर छाटू नका, मुळासकट मारा. सांध्यातला चुना धुऊन गेला असेल तर तो भरून घ्या. कमानीवर भार वाढवायचा असेल तर वरचा भराव काढून आरसीसीचा खोगीर-स्लॅब घालतात. तो अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. भराव एका बाजूने काढला तर कमान रिकाम्या बाजूला फुगते.

तुमच्या पुलाकडे परत येतो. डांबर निघालं, पोपडे दुरुस्त झाले. पोपड्याची दुरुस्ती म्हणजे वरून प्लास्टर मारणं नव्हे. गंजलेल्या सळईच्या मागचं दोन सेंटीमीटर काँक्रीटही काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, पाव हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडायची आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट. एवढं करूनही हिशेबात ताकद कमी पडत असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर वरच्या बाजूने १० सेंटीमीटरचा आरसीसी ओव्हरले, म्हणजे जुन्या स्लॅबवर नवा थर, सुचवला असता. त्याचं वजन गाळ्याला ११ टन, म्हणजे जवळपास तुम्ही काढलेल्या डांबराइतकंच. फरक असा की डांबर नुसतं बसून खातं, काँक्रीट काम करतं. सळयांच्या मध्यापासून स्लॅबच्या माथ्यापर्यंतची खोली समजा ५८ सेंटीमीटर असली, तर ती ६८ होते आणि त्याच जुन्या सळयांकडून सुमारे १७ टक्के जास्त मोमेंट मिळतं. कातरबलही सुधारतं, जे फायबरच्या पट्ट्या खाली चिकटवून सुधारत नाही.

ओव्हरलेचं यश मात्र दोन थरांच्या एकजुटीवर. जुना पृष्ठभाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खरबरीत करायचा, ठरलेल्या अंतरावर छिद्रं पाडून सळयांचे डॉवेल इपॉक्सीने बसवायचे, ओतण्याआधी जुनं काँक्रीट ओलं पण वर पाणी न साचलेलं ठेवायचं. खालून टेकू द्यायचे आणि काँक्रीट पुरतं आवळेपर्यंत वाहतूक बंद. मे महिन्यात हे काम काढलंत तर पहिल्याच दुपारी आकसण्याच्या भेगा पडतील. डिसेंबर-जानेवारी बघा, पण तेव्हा कारखाना ऐन भरात असतो. म्हणून कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याशी आधी बसून वळणरस्ता ठरवा. लोक कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून ट्रॉल्या घालायला बघतात, ते अजिबात होऊ देऊ नका. बंधारा पाणी अडवायला बांधलाय, फळ्यांच्या खांबांवर वीस टनांची डुलती गाडी घ्यायला नाही.

कार्बन फायबर वाईट नाही. सळई कमी असलेल्या, पण काँक्रीट धडधाकट असलेल्या गर्डरला ते फार उपयोगी पडतं. पण ते चिकटतं जुन्या काँक्रीटला. तेच सुटत असेल तर फायबर काँक्रीटचा पापुद्रा घेऊन खाली येतं. त्यासाठी जुन्या पृष्ठभागाची ओढून चाचणी घेतात आणि प्रति चौरस मिलिमीटर दीड न्यूटनच्या आसपास ताकद निघाली नाही तर थांबायचं. चिकटवायचं इपॉक्सी साठ-सत्तर अंश तापमानाला मऊ पडू लागतं, म्हणून उन्हात तापणाऱ्या जागी ते नको. वरून पाणी झिरपत असताना खालून फायबर लावलं तर ओल आत कोंडते आणि गंज झाकला जातो. शिवाय फायबर उद्या कुणी जाळलं-तोडलं, तरी पुलाने स्वतःचं वजन आणि रोजची नेहमीची गाडी पेलली पाहिजे, एवढी मूळ ताकद असल्याशिवाय ते लावायचंच नसतं. "दुप्पट ताकद" हा शब्द ज्याने वापरला त्याच्याकडून सहीशिक्क्याचा हिशेब मागा.

मोठ्या नद्यांवरच्या लांब पुलांचं दुखणं निराळं असतं. तिथे बेअरिंग आणि गर्डरचे टोकाचे सांधे आधी बघावे लागतात. ९ जुलै २०२५ ला गुजरातेत महीसागर नदीवरचा १९८५ चा गंभीरा पूल पडला, तेव्हा सरकारच्या प्राथमिक अहवालात पेडेस्टल (गर्डरखालचा ठोकळा) आणि आर्टिक्युलेशन (गर्डरचा सांधा) चिरडल्याचं कारण पुढे आलं. तसे सांधे तुमच्या स्लॅबच्या पुलाला नाहीत. तुमच्याकडे स्लॅब बहुधा डांबरी कागदावर टेकलेला असेल. ४३ अंशांच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातल्या पहाटे ८ मीटरचा स्लॅब चार मिलिमीटरच्या आत आकुंचन-प्रसरण पावतो, तेवढी वाट त्याला मिळते आहे का, एवढंच बघा. जॉइंटमध्ये डांबर आणि खडी घट्ट बसली असेल तर ती वाट बंद असते आणि मग अबटमेंटचा, म्हणजे पुलाच्या टोकाच्या भिंतीचा, माथा चिरतो.

एक स्वस्त काम मात्र आजच करा. पुलाच्या तोंडाशी काळ्या मातीचा भराव खचून जो खड्डा पडलाय, तो भरून घ्या. भरधाव हायवा त्या खड्ड्यातून उसळून पहिल्या गाळ्यावर आदळते, तेव्हा सूत्रातले ३२ टक्के मागे पडतात. भराव खडी-मुरमाचा, नीट दाबलेला आणि वर अप्रोच स्लॅब (रस्ता आणि पूल जोडणारा काँक्रीटचा स्लॅब). पुलावर एका वेळी एकच जड गाडी, वेग पायी चालण्याइतका, आणि चाकं मध्यभागी राहावीत म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे. स्लॅबची कड सगळ्यात अशक्त असते. उंची अडवणारी लोखंडी कमान लावून वजन थांबत नाही, मुरमाची हायवा तिच्याखालून आरामात जाते.

लोड टेस्टचा आग्रह कुणी धरला तर ती हिशेबानंतर आणि दुरुस्तीनंतर. वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, पूर्ण वजन २४ तास ठेवतात, काढल्यानंतर २४ तासांत आरसीसी पुलाचा वाक किमान ७५ टक्के परत यावा लागतो. आपल्याकडे खरा घोळ उन्हाचा होतो: दुपारी स्लॅबचा माथा तापून पूल वर फुगतो आणि वजनाचा वाक लपतो. म्हणून वजन चढवण्याआधी एक पूर्ण दिवस नुसत्या तापमानाची वाचनं घ्यायला लावा, आणि चाचणी हिवाळ्यात ठेवा. ती उत्तीर्ण झाली म्हणजे ३० टनी टँडेमला परवाना मिळाला असं नव्हे. ज्या वजनाची चाचणी झाली तेवढ्यापुरतंच ते उत्तर असतं, आणि पायाबद्दल किंवा पुढच्या दहा वर्षांतल्या गंजाबद्दल ती काहीच सांगत नाही.

पूल जिल्हा परिषदेचा असेल तर ग्रामसभेच्या ठरावासोबत कर्बच्या उंचीचे, उघड्या पायाचे आणि टेकूजवळच्या भेगांचे तारखेसह फोटो, काट्याच्या पावत्या आणि डांबराच्या कोअरची जाडी एवढं जोडून बांधकाम विभागाकडे द्या. नुसतं "पूल धोकादायक आहे" असं लिहिलंत तर एक फलक येईल. दुरुस्तीनंतर तिन्ही गाळ्यांच्या मध्यभागी खालच्या बाजूला पितळी खुणा बसवून घ्या आणि दरवर्षी कारखाने सुरू होण्याआधी, सकाळी सातच्या आत, लेव्हल मशीनने त्यांची उंची नोंदवत जा. वाचनं एकाच वेळेची असू द्या, म्हणजे उन्हाचा फरक त्यात मिसळणार नाही.